जकातीच्या वहीतली गाडी

गेल्या मंगळवारी संध्याकाळी सव्वासहाला आमची गाडी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर आयआयटीसमोर थांबली ती थांबलीच. डाव्या हाताला मेट्रो-६ च्या कामाचे पत्रे, उजवीकडे डंपर, पुढे लाल दिव्यांची रांग. इफ्तार पावणेसातला. जोगेश्वरीच्या घरी अम्मीने दस्तरखान मांडलेला, आणि आम्ही दहा जण इथे. माझी दोन मुलं, त्यांचे वडील, मुंब्र्याहून लोकलने घाटकोपरला येऊन आमच्यात सामील झालेली भाभी आणि तिची तिघं, पुढच्या सीटवर अब्बा आणि चाकावर माझी बावीस वर्षांची भाची.

सहा चाळीसला अब्बा मागे वळून म्हणाले, "डबे काढा. घर आज इथंच आहे."

खजूर निघाले, कापलेलं कलिंगड निघालं, भाभीच्या पिशवीतून कांदाभजी निघाली. ती खरं तर जोगेश्वरीसाठी होती. मोबाइलवर अजान झाली, तेव्हा शेजारच्या रिक्षातून चालकाने मान बाहेर काढून विचारलं, "हुई क्या?" भाचीने खिडकी सरकवून डबा पुढे केला. त्याने दोन खजूर घेतले, एक मागे बसलेल्या प्रवासी बाईंना दिला. त्यांनी बहुधा पहिल्यांदाच अशा वेळी खजूर खाल्ला असावा, कारण त्या आम्हालाच "थँक यू, हॅपी... काय म्हणतात तुमच्यात?" असं विचारत राहिल्या. तोवर सिग्नल सुटला.

या गाडीबद्दल लिहायचं कारण म्हणजे ती राहणार की जाणार हे याच रमजानात ठरायचं आहे.

गाडी म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलर. चालक धरून तेरा माणसांची. रस्त्यावर अशा गाड्या रोज दिसतात, पण त्यांच्या पाट्या पिवळ्या असतात: शिर्डीच्या सहली, लग्नाची वऱ्हाडं, कंपन्यांची ने-आण. आमची पाटी पांढरी आहे. नंबर अंधेरीचा, एमएच ०२. पोलीस थांबवतात ते आधी पाटी आणि मग आमची तोंडं पाहून. "खासगी? एवढी मोठी?" हा प्रश्न पंधरा वर्षांत इतक्यांदा आला की अब्बांनी उत्तर पाठ करून ठेवलंय: "साहेब, कुटुंब मोठं आहे. गाडी त्याला पुरत नाही."

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार चालक सोडून सहापेक्षा जास्त माणसं नेण्यासाठी बनवलेल्या गाडीला ओम्नीबस म्हणतात. आमच्या नोंदणीच्या कागदावर 'ओम्नी बस, प्रायव्हेट यूज' असंच छापलंय. ओम्नीबस हा मूळ लॅटिन शब्द, अर्थ 'सगळ्यांसाठी'. हे मी अब्बांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग सरकारला आपल्याबद्दल माहिती आहे म्हणायची." ती चालवायला वेगळा परवाना लागतो असं अनेकांना वाटतं. एकूण वजन साडेसात हजार किलोंच्या आत असलं की कायद्याच्या दृष्टीने ती हलकी गाडी. मोटारीच्या साध्या परवान्यावर भाची ती चालवते ती यामुळेच. शेजारी बसलेले अब्बा उजव्या पायाने न दिसणारा ब्रेक दाबत असतात, ते वेगळं.

अब्बांचं आणि या गाड्यांचं नातं जुनं. ऐंशीच्या दशकात ते जोगेश्वरीतल्या एका बेकरीची मॅटाडोर चालवायचे. पहाटे पाव पोचवायचे, दुपारी गल्लीतल्या कुणाचं तरी सामान. ज्या कंपनीची ती मॅटाडोर, तिची सुरुवात आमच्या तेव्हाच्या पुढच्याच स्टेशनला झाली होती. १९५८ मध्ये नवलमल फिरोदियांच्या बजाज टेम्पोने जर्मनीतल्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने गोरेगावात तीनचाकी बनवायला घेतली. पुढे कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला गेला, पण नाव मात्र मराठीत राहिलं. आज आपण मालाच्या कुठल्याही लहान गाडीला टेम्पो म्हणतो, तो शब्द तिथला. १९६९ मध्ये मॅटाडोर आली, १९८७ मध्ये ट्रॅव्हलर. २००५ मध्ये कंपनीने स्वतःचं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, तरी लोक अजून 'टेम्पो ट्रॅव्हलर'च म्हणतात. बेकरीतली पाच-सहा वर्षं अब्बांनी एकच हिशेब मनात धरला होता: या गाडीत पावाचे ट्रे बसतात, तर आपली माणसं का नाही बसणार?

ती संधी २०१० मध्ये आली. तोवर आमचं घर एका छताखाली राहिलं नव्हतं. मोठा भाऊ, म्हणजे भाईजान, मीरा रोडला गेला होता, मधला मुंब्र्याला, मी लग्न होऊन घाटकोपरला. धाकटा तेवढा अब्बा-अम्मींजवळ जोगेश्वरीत. उपनगरांत एकत्र कुटुंब मोडतं ते भांडणाने कमी आणि चौरस फुटांनी जास्त. सगळ्यांना एकत्र कुठे न्यायचं तर अकरा माणसांना चार रिक्षा लागायच्या, कारण रिक्षात कायद्याने तिघंच. चार रिक्षा एका वेळी निघून एका वेळी पोचल्या असं मुंबईत कधी घडलं नसेल. लोकलचं म्हणाल तर दादींचे गुडघे पुलाच्या जिन्यावरच हात टेकायचे. अब्बांनी निवृत्तीचे पैसे, अम्मीच्या दोन बांगड्या आणि चौघा भावंडांच्या छोट्या-मोठ्या रकमा मिळून गाडी घेतली. नातेवाईक हसले. "घर वन रूम किचन, आणि गाडी थ्री बीएचके."

आता वहीबद्दल.

अब्बा रमजानात एका जुन्या लाल वहीत जकातीचा हिशेब मांडतात. ज्या वाचकांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन तोळे चांदीच्या किमतीइतकी शिल्लक एक चांद्र वर्ष ज्याच्याकडे राहिली, त्याने तिच्यातले अडीच टक्के गरजूंना द्यायचे. सोनं, चांदी, बँकेतली शिल्लक, विक्रीसाठी ठेवलेला माल हे सगळं त्यात धरतात. राहतं घर, अंगावरचे कपडे, वापरातली गाडी धरत नाहीत, मग ती गाडी कितीही महाग असो. म्हणून वहीत दरवर्षी एक ओळ असते 'गाडी', आणि तिच्यासमोर शून्य.

नियमाने तिथे काम संपतं. अब्बांचं संपत नाही. मौलानांनी दोनदा सांगूनही ते त्या शून्यापाशी थांबतात. त्यांचं म्हणणं असं की, वापरातली वस्तू गरजेची म्हणून माफ, पण ही गरज आहे की आमची हौस? तेरा सीटची गाडी वर्षातले निम्मे दिवस झाडाखाली उभी राहते, तिला गरज म्हणायचं कोणत्या तोंडाने? म्हणून शून्याखाली ते स्वतःच्या मर्जीने एक रक्कम लिहितात आणि पुढे 'मुसाफिर' असा शब्द. कुराणात जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत एक अडकलेला प्रवासी आहे. ट्रॅव्हलर म्हणजे मुसाफिरच की, असं त्यांचं गणित. ही रक्कम मात्र ते जकातीत धरत नाहीत, सदका म्हणून देतात. सदका देताना समोरच्याचा धर्म विचारावा लागत नाही. २०२० चा रमजान टाळेबंदीत आला. आमची गाडी बंद उभी होती आणि हायवेवरून माणसं पायी गावाकडे निघाली होती. त्या वर्षी 'मुसाफिर'ची रक्कम अब्बांनी चौपट केली.

पण त्याच टाळेबंदीने आमच्या घरात जे केलं ते वहीत नाही. धाकट्याची नोकरी गेली. तो एका ट्रॅव्हल एजंटकडे होता, आणि तो धंदा सगळ्यात आधी बसला आणि सगळ्यात शेवटी उठला. वर्षभर घरी बसल्यावर त्याची नजर झाडाखालच्या गाडीवर जाणं साहजिक होतं. "लग्नाची वऱ्हाडं उचलू. रविवारचे पाच हजार कुठे गेले नाहीत." अब्बा म्हणाले, पिवळी पाटी लाव, परमिट काढ, विमा बदल, मग चालव. त्याला लागणारे पैसे कुणाकडे नव्हते.

अब्बांचा गाडीबाबत पहिल्या दिवसापासून एक नियम होता: भाडं घ्यायचं नाही. शेजाऱ्यांना नेलं तर डिझेल त्यांनी पंपावर स्वतः टाकीत भरायचं, अब्बांच्या हातात नोट द्यायची नाही. २०१३ च्या गणपतीत आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका चिपळूणला जायला तिकीट मिळेना म्हणून हवालदिल झाले होते. अब्बांनी त्यांची सगळी माणसं, आरास आणि दोन पोती तांदूळ घेऊन कशेडी घाट चढवला. चौदा तास लागले. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं, म्हणजे तो रस्ता आमच्या गाडीपेक्षा एका वर्षाने धाकटा. गाडीचं वय झालं, रस्त्याचं काम अजून चालूच आहे. तर काकांनी पनवेलला टाकी भरली आणि चिपळूणहून परतताना मोदकांचा डबा दिला, एवढाच व्यवहार.

धाकट्याने २०२१ च्या डिसेंबरात तो नियम मोडला. अब्बांना 'मित्राची बहीण, भिवंडीला सोडतो' असं सांगून तो एक वऱ्हाड घेऊन निघाला. घोडबंदर रोडला तपासणी चालली होती. त्याने सांगितलं, सगळे नातेवाईक आहेत. मागच्या सीटवरच्या एका चाचांनी, खोटं बोलू नये म्हणून, साहेबांना नम्रपणे सांगितलं, "पाच हजारांत ठरवली आहे, हजार बाकी आहेत." वऱ्हाड रस्त्यावर उतरलं. दंड झाला, गाडी चार दिवस अडकली.

अब्बा दंडाबद्दल काही बोलले नाहीत. म्हणाले ते एवढंच, "वाटेत ठोकली असती तर विमा कंपनीने कागद बघून हात वर केले असते. तेरा घरांना तू काय सांगणार होतास?" आणि घेतलेले चार हजार परत करायला लावले. धाकटा संतापून म्हणाला, "अब्बा, तुमची इज्जत या गाडीत बसते. माझ्या मुलीची फी कशात बसवू?" त्यानंतरच्या रमजानात बापलेक एका दस्तरखानावर बसायचे आणि मीठ मागायचं तर मधल्या माणसाला सांगायचे. मला तेव्हा अब्बांचं बरोबर वाटलं होतं. आता वाटतं, कायद्याचं ते बरोबर होतं, पण ज्याच्या हातात काम नाही त्याला झाडाखाली उभी असलेली गाडी रोज खिडकीतून पाहायला लावणं हे काही लहान दुःख नव्हे. धाकट्याला पुढे दुसरीकडे काम मिळालं. बोलणं हळूहळू सुरू झालं. गाडी आज चालवते ती त्याचीच मुलगी. फी भरली गेली, हे सांगायला हवं.

तर आता प्रश्न असा आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. आमची येत्या मे महिन्यात संपते. मग तपासणी, पर्यावरण कर, नूतनीकरणाची फी, आणि ते सगळं झालं तरी पाचच वर्षं. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना सक्तीची झालेली नवी सुरक्षा नंबरप्लेटही बसवायची आहे. मुंबई परिसरातून पेट्रोल-डिझेलच्या गाड्या हटवता येतील का, हे पाहायला राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये समिती नेमली. त्यात सोसायटी पुनर्विकासाला गेली. नव्या इमारतीत प्रत्येक घरामागे एक जागा, तीही यांत्रिक पार्किंगमध्ये, एकावर एक गाड्या उचलून ठेवणारं ते. त्या पाळण्यात ट्रॅव्हलर ना लांबीला मावत, ना उंचीला. हे सांगायला सेक्रेटरी काका स्वतः नकाशा घेऊन घरी आले होते. चहा घेतला, नकाशा उलगडला आणि बराच वेळ चिपळूणच्या रस्त्याबद्दलच बोलत राहिले. शेवटी अब्बांनीच विचारलं, "नाही ना मावत?" काका म्हणाले, "दोनदा मापून घेतलं मी."

गेल्या शनिवारी तरावीहनंतर आम्ही चौघं भावंडं बसलो. भाईजान हिशेबी आहे. त्याने गेल्या वर्षीच्या फेऱ्या मोजून आणल्या होत्या. गाडी वर्षात सत्तावन्न दिवस बाहेर पडली, त्यांतले एकोणीस रमजान-ईदचे. विमा, टायर, सर्व्हिस, सोसायटीला दोन गाड्यांइतकं द्यावं लागणारं पार्किंग, लिटरला दहा किलोमीटर खाणारं डिझेल. "एवढ्या पैशात हवी तेव्हा पिवळ्या पाटीची गाडी मागवू, चालकासकट. आणि जुन्या डिझेलचा धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो, तेही धरा." त्याचं एकही वाक्य मला खोडता आलं नाही. धुराचं तर अजिबात नाही.

मग मुंब्र्याची भाभी बोलली. ती सहसा या बैठकांत बोलत नाही. तिने फक्त विचारलं, "चाचीच्या वेळी कुठून मागवली असती?"

ऑक्टोबरात रात्री अकरा दहाला महाडजवळच्या आमच्या गावाहून फोन आला, चाची गेली. आमच्यात दफन लांबवत नाहीत. सकाळी आठची वेळ ठरली होती. चाचीने आम्हा चौघांना लहानपणी दर मे महिन्यात सांभाळलेलं. बायका कब्रस्तानात जात नाहीत, म्हणजे मला आणि भाभीला तिचं तोंड पाहायचं तर मय्यत घरातून उठण्याआधी पोचायला हवं. धाकट्याने गाडी काढली. आधी मीरा रोड, तिथून परत फिरून जोगेश्वरी, अब्बा-अम्मी, सव्वाएकला घाटकोपर, दोन वाजता मुंब्रा, मग शीळफाट्यावरून पनवेल. प्रत्येक ठिकाणी माणसं खाली उभीच होती, कुणाच्या पायात दोन वेगळ्या चपला. गाडीत कुणी मोठ्याने रडलं नाही. अम्मी तसबीह ओढत होती, मुलं एकमेकांच्या अंगावर झोपली होती, आणि माणगावपर्यंत धाकट्याला जागं ठेवायला अब्बा त्याच्याशी बोलत होते. घोडबंदरनंतर मी त्या दोघांना इतकं बोलताना पहिल्यांदा ऐकलं. विषय होता बेकरीची मॅटाडोर, तिचा क्लच आणि पहाटेचे पाव. फजरच्या अजानीला आम्ही महाडला होतो.

मध्यरात्री फोन करून चार उपनगरांतून तेरा माणसं उचलायला चालकासकट गाडी मिळत नाही असं नाही. पैसे मोजले तर या शहरात काहीही मिळतं. पण कुणाला फोन करायचा, किती घेईल, कोण देणार, एवढं ठरवण्यात रात्रीचा एक वाजला असता, आणि मग प्रत्येक घराने आपापलं पाहिलं असतं. कुणी सकाळी निघालं असतं. भाभी नक्कीच राहिली असती. मुंब्र्याहून तीन लहान मुलांना घेऊन रात्री एकटी कुठे निघणार?

भाईजान बराच वेळ कागदाकडे पाहत होता. मग म्हणाला, "तो एक दिवस सत्तावन्नांत मोजला होता मी."

निर्णय असा कुणी जाहीर केला नाही. धाकट्याने विचारलं की मुंब्र्याच्या भावाच्या इमारतीमागे मोकळी जागा आहे ती महिन्याने मिळेल का. मधला म्हणाला, विचारतो, पण पावसात तिथे पाणी साचतं. पाणी साचणाऱ्या जागेत गाडी ठेवायची नाही यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. भाचीने मोबाइलवर तपासणीच्या तारखा उघडल्या. ब्रेक लायनिंग आधी बदलावं लागेल, आणि मागच्या उजव्या सीटचं कव्हर, जे माझ्या मुलाने गेल्या ईदेला शिरखुर्म्याने कायमचं रंगवून ठेवलंय.

अब्बा कोपऱ्यात वही घेऊन बसले होते. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांना बारीक लिहायला त्रास होतो, म्हणून त्यांनी पेन धाकट्याकडे दिलं. त्याने सोनं लिहिलं, शिल्लक लिहिली, 'गाडी' लिहून पुढे शून्य काढलं आणि थांबला.

"खाली मुसाफिर," अब्बा म्हणाले. "आकडा तू सांग."

धाकट्याने थोडा विचार करून चार हजार लिहिले.

ईदेचा कार्यक्रम ठरला आहे. पहिली फेरी सकाळी सात वाजता मीरा रोडची, मग घाटकोपर, मुंब्र्याची मंडळी रात्रीच जोगेश्वरीत मुक्कामाला. नमाजनंतर सेक्रेटरी काकांकडे शिरखुर्मा पोचवायचा, तो चालत, कारण ते वरच्याच मजल्यावर राहतात. पुढच्या सीटवर कोण बसणार यावरून नातवंडांत अजून वाद चालू आहे.